हिरवं पातळ जपानात

आमच्या शेजारच्या वासूदाजींच्या घरात ज्या दाराने तुम्ही आत जाता, त्या दाराने बाहेर येता येत नाही. पुढचं दार यायचं, मागचं दार जायचं. त्यामुळे त्यांच्याकडे गेलेली माणसं चपला हातात धरून घरभर फिरतात. पोस्टमन गोठ्यातून बाहेर पडतो. दाजींच्या मुलाची सोयरीक घेऊन आलेली पाहुणेमंडळीही चहा-पोहे खाऊन गोठ्यातूनच बाहेर पडली. सोयरीक जुळली, ही त्या मुलाची पुण्याई. कुणी चुकून मागे वळलाच, तर दाजींचा आवाज येतो, "फाटी फिरूचां नाय. फुडे चला."

दाजी तीस वर्षं मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. तरुणपणी त्यांची बोट दुरुस्तीसाठी जपानच्या एका बंदरात थांबली, तेव्हा जवळच जगप्रदर्शन भरलं होतं. कप्तानाने एक दिवसाची सुट्टी दिली. त्यातला पाऊण दिवस दाजी रांगेत उभे होते. उरलेल्या पाव दिवसात त्यांना सरकत्या रस्त्यावर उभं केलं, चार देश डोळ्यांपुढून नेले आणि दुसऱ्याच दाराने बाहेर काढलं. परत आत जाऊ देईनात. पुढच्या खेपेला दाजी धावत तिथे गेले, तर मोकळं मैदान.

त्या पाव दिवसावर दाजींनी अख्खं शास्त्र उभं केलं आहे. "पयलां प्रदर्शन, मगे पार्क," हे त्याचं मुख्य सूत्र. जगात जेवढे म्हणून तिकीट काढून आत सोडणारे मनोरंजनाचे पार्क आहेत, ती सगळी या जगप्रदर्शनांची पिलावळ. ते फिरतं अजस्र चाक पहिल्यांदा अमेरिकेतल्या प्रदर्शनासाठी बनलं. होडीत बसवून देशोदेशीच्या बाहुल्या दाखवायची करामतही प्रदर्शनातलीच. प्रदर्शन संपल्यावर ती उचलून पार्कात नेली. पॅरिसचा मनोराही प्रदर्शनापुरताच उभारलेला, पाडायचा राहून गेला. "जत्रा उठता, मास्तरानू. जी उठूक इसारली, तिचो पार्क झालो." मी हायस्कुलात इतिहास शिकवतो, म्हणून हे सगळं पडताळून पाहिलं. दुर्दैवाने चाक, बाहुल्या, मनोरा, तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

मागे शाळेची सहल वॉटर पार्कला नेली, तेव्हा दाजी हट्टाने बरोबर आले. पाण्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. दिवसभर ते मोठ्या चाकाच्या फाटकाशी उभे राहून चाक फिरवणाऱ्याला समजावत होते, "ह्यां चाक तुमचां न्हय. प्रदर्शनातलां आसा." तो बिचारा शेवटी म्हणाला, "काका, मी कालच कामाला लागलो."

बोटीवरून घरी आल्यावर दाजींनी पोफळीच्या वाडीतला पाण्याचा पाट रुंद केला आणि काठावर झापांच्या चार खोपी बांधल्या. जपान, फ्रान्स, इजिप्त आणि ब्राझील. बांबूचा मनोरा, चिऱ्यांचा पिरॅमिड, नारळाच्या डोक्यांच्या बाहुल्या. पाटात एक चपटी होडी, काठाकाठाने चालत दोरीने ओढायची. उद्घाटनाला रीतसर गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या वाडयेत चार देश येवन बसले आसत. तेंच्यात भांडणां लावू नको, तेंच्यावर माकडां सोडू नको रे म्हाराजा." आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो. देवाने भांडणांचं ऐकलं. माकडांनी आठवड्याभरात फ्रान्सचं एक डोकं पळवलं.

होडीच्या अलीकडे रांगेसाठी काथ्याच्या दोरीची सात वळणं आहेत. पाहुणे आले तीन तरी सातही वळणं घ्यायची. प्रत्येक देशात एक बाहुली मात्र पाठमोरी, आपल्याकडच्या पातळातली. मी एकदा विचारलं, "दाजी, जपानात हिरवं पातळ?"

"ती थंयली न्हय. बघूक इल्ली बायल आसा. बघणारा कोण नसला, तर प्रदर्शन कसला?"

या सगळ्या कारभाराकडे एकच माणूस फिरकला नव्हता. दाजींची बायको, सुलूकाकी. "होडयेन माझो घोव तीस वर्षां पळवल्यान," ती म्हणायची. "तिच्यात मी पाय ठेवचंय नाय." पाटात होडी सुरू झाल्यापासून ती वाडीत उतरलीच नाही. नारळ काढणाऱ्याशीसुद्धा ती मागच्या पडवीतूनच बोलायची.

यंदा डॉक्टरांनी दाजींचं हृदय तपासलं आणि दोरी ओढायला साफ मनाई केली. दाजींनी जाहीर केलं की शिमग्याला पाटाचं पाणी आटलं की प्रदर्शन उठणार, ते कायमचं. मग ते बोलेनासे झाले. एके दिवशी मी त्यांच्या घरून निघताना पुढच्या दाराने बाहेर पडलो, तरी ओरडले नाहीत. मला ते सहन होईना. परत आत गेलो आणि काय सलतंय ते विचारलं.

"तिका दाखवूचां होतां," ते म्हणाले. "तेवढांच ऱवला."

मी तसाच काकीकडे गेलो. माझाही एक स्वार्थ होता. तिचं वाळत घातलेलं हिरवं पातळ दोरीवरून नाहीसं झालं होतं आणि ते आमच्या वासराने खाल्लं अशी तिची खात्री होती. त्यापायी ती माझ्या बायकोशी बोलत नव्हती. मी सांगून टाकलं, "काकी, तुमचं पातळ जपानात आहे."

दुसऱ्या सकाळी काकी तरातरा वाडीत उतरली. "खंय आसा माझां पातळ?"

दाजी उठून उभे राहिले. "जपानात. पण थंय जावक रांगेतसून येवचा लागता."

रांगेत चिटपाखरू नव्हतं. काकीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दोरीकडे. मग गुडघ्यावर हात ठेवत तिने एकटीने सातही वळणं घेतली. शेवटी होडीपाशी येऊन थबकली. दाजींनी हात पुढे केला. तिने तो धरला. "पातळ घेवन लगेच भायर येतलंय," ती म्हणाली आणि बसली. शेजारी दाजी बसले. दोरी मी घेतली.

जपानात हिरवं पातळ दिसलं. फ्रान्सच्या मनोऱ्याखाली तिचं ठिगळ लावलेलं जांभळं. पिरॅमिडसमोर चौकड्याचं. तोंडाने ती सारखी दाजींचा उद्धार करत होती. ब्राझीलमध्ये मात्र आवाज उतरला.

"ह्यां तर मी भांडीवालीक दिल्लंय."

"दोन टोपां देवन परत घेतलंय."

"सगळ्या देशात मीच?"

"जंय जंय गेलंय, थंय माका तू व्हयी होतंस गो."

 मी मान वळवून पोफळींकडे बघत दोरी ओढत राहिलो, कारण माझेच डोळे भरून आले होते. होडी बाहेर जायच्या पायरीला लागली. काकी उठेना.

"उतर गो. भायर जावची वाट हीच."

"धक्क्यावर सोडूक येय होतंय, तेवा तुमका जाताना बघलंय," ती म्हणाली. "होडयेतसून येताना तुमी माका कधी दिसलासच नाय. दारात उभे ऱवलास म्हणजे कळायचा, इलास. फाटी फिरवा होडी."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत वाडीत होडी कुणासाठी मागे फिरली नव्हती, जिल्ह्याचे साहेब आले होते तेव्हासुद्धा नाही.

"मास्तरानू," दाजी म्हणाले, "दोरी फाटल्या अंगाक बांधा."

मी ती होडीच्या मागच्या टोकाला बांधली आणि उलट चालू लागलो. ब्राझील गेलं, इजिप्त गेलं, फ्रान्स गेलं, जपान गेलं. होडी जिथून निघाली होती त्या पायरीला टेकली. दाजी आधी उतरले. काकी होडीतून त्यांच्याकडे बघत होती.

"इलंय गो," दाजींनी आल्याची वर्दी दिली.

"हातपाय धुवन घेवा," काकी म्हणाली. "पेज गरम आसा."