गेनबांचा गोळा

आमच्या स्टेशनावर रूळ बदलणारे गेनबा सांधेवाले कुठल्याही दारातून सरळ आत आले, असं मी दोन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. आधी उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, हातातलं निशाण काखेत धरायचं आणि विचारायचं, "लाइन क्लिअर?" आतून कुणी "क्लिअर" म्हणेपर्यंत पाऊल पुढे पडायचं नाही. मास्तरांच्या खोलीत हेच, वाण्याच्या दुकानात हेच, मारुतीच्या देवळातही हेच. मारुती काही बोलायचा नाही, म्हणून तिथे पुजारी बोलायचा. पुजारी जेवायला गेला असला, तर गेनबा बाहेरूनच हात जोडून परत फिरायचे.

कमाल म्हणजे स्वतःच्या क्वार्टरचीही त्यांना परवानगी लागायची. एकटा जीव. सकाळी स्वतः कुलूप लावून गेलेला माणूस संध्याकाळी यायचा, कुलूप काढायचा आणि त्या रिकाम्या घराला विचारायचा, "लाइन क्लिअर?" मग जरा थांबून आत जायचा. आमच्या चाळीत पाच क्वार्टर होती आणि पाचही घरांत यावरून हसून झालं होतं. मीही हसले आहे, उगाच खोटं कशाला सांगू?

आमचं स्टेशन पुणतांब्याच्या अलीकडे. इतकं लहान, की निम्म्या गाड्या त्याच्याकडे न बघताच निघून जायच्या. आमचे हे तिथे असिस्टंट मास्तर. लढाईचे दिवस होते. नगरच्या बाजूला पलटणींच्या गाड्या सारख्या जायच्या, त्यामुळे यांचा पाय घरात ठरत नसे. पुढे रूळ, मागे बाभळी आणि मधे मी. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, त्यात दिवस गेलेले. बोलायला माणूस नाही, म्हणून मी भिंतीवरच्या पालीशी बोलायला लागले होते.

अशात एके दिवशी गेनबा टोपली घेऊन दारात.

"लाइन क्लिअर?"

"क्लिअर. काय आहे टोपलीत?"

"पार्सल हाय. रिकाम्या मालडब्यात घावलं. धाडनाराचं नाव न्हाई, घेनाराचं न्हाई. असं पार्सल मास्तरांच्या ताब्यात द्यायचं, कायदाच हाय तसा. मास्तर कामात हायेत, तवा तुमी सही करा."

टोपलीत महिनाभराचं तपकिरी पिल्लू होतं. एक कान उभा, एक पडलेला. मी सही कसली करते? उचलून पदरात घेतलं. नाव पार्सलच पडलं.

पुढचे चार महिने त्या पिल्लाने मला तारलं. त्याने माझी एक चप्पल खाल्ली, यांचं हिरवं निशाण अर्धं खाल्लं, पण माझं रडगाणं कान देऊन ऐकलं. गेनबांनी बाहेरून "लाइन क्लिअर?" विचारलं, की मी "क्लिअर" म्हणायची आणि माझ्या मागोमाग ते एकदाच भुंकायचं. गेनबा गंभीरपणे मान हलवायचे. "दोनी बाजूंनी क्लिअर हाय," म्हणायचे आणि मगच आत यायचे.

बाळंतपणाला मी संगमनेरला माहेरी गेले. मुलगी झाली, सुमन. ती तीन महिन्यांची झाल्यावर परत आले, ती सासूबाईंना घेऊन. तोवर पार्सल गुडघ्याच्या वर वाढलेलं. मला बघून त्याने अशी उडी घेतली, की सासूबाई पोरीला छातीशी धरून भिंतीला चिकटल्या.

"सूनबाई, तान्हं मूल आणि हे धांदरट जनावर एका घरात राहणार नाही," त्या म्हणाल्या. संध्याकाळच्या आत राहुरीला त्यांच्या धाकट्या भावाला, दादामामांना, कार्ड गेलं, की संक्रांतीला ये आणि कुत्रं मळ्यावर घेऊन जा. संक्रांतीला तीन आठवडे होते. यांचं आईपुढे काही चालत नसे आणि चालतं असं दाखवायची यांना हौसही नव्हती. माझं म्हणाल तर मी पोळ्या लाटताना रडत होते. सासूबाई चुकीचं बोलत होत्या असं नाही, पोर माझीच होती. पण ज्याने मला एकटीला सोबत केली, त्याला दोर लावून कसं पाठवायचं?

गेनबांना सांगितलं. ते हनुवटी खाजवत ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी एक वेताचं कडं घेऊन आले. कड्याला कातड्याची पिशवी शिवलेली आणि पिशवीत वाळलेलं टणक कवठ.

रेल्वेबाहेरच्या लोकांना सांगते. रूळ एकेरी असला, की समोरासमोर गाड्या येऊन टक्कर व्हायची भीती. म्हणून दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यासाठी, म्हणजे सेक्शनसाठी, एक लोखंडी गोळा असतो. तो ज्या ड्रायव्हरच्या हातात दिला, त्यानेच गाडी पुढे न्यायची. गोळा नाही, तर उभं राहायचं, मग गाडीत कुणीही बसलेला असो. धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला वेताच्या कड्यातून हा गोळा द्यायचं काम गेनबांचं. सारा जन्म त्यांनी तेच केलेलं.

"मोठ्याबाई," ते सासूबाईंना म्हणाले, "पाळन्याची खोली म्हंजी आपला सेक्शन. पोरगी म्हंजी मेलगाडी. गोळा ह्या भाईरच्या खिळ्याला ऱ्हाईल. पोरीपाशी जायचं, त्यानं गोळा घिऊन जायचं. खिळा रिकामा दिसला, तर उंबऱ्यावर थांबायचं. मानूस असू द्या न्हाईतर कुत्रं."

"कुत्रं कसं घेईल गोळा? त्याला हात आहेत का?"

"तेच म्हन्तो मी. हात न्हाईत, म्हंजी गोळा न्हाई. गोळा न्हाई, म्हंजी आत न्हाई. मिटलं."

सासूबाईंना हे पटलं. पण कार्ड काही त्यांनी परत बोलावलं नाही. "संक्रांतीपर्यंत बघू," एवढंच म्हणाल्या.

मग गेनबांची शिकवणी सुरू झाली. ड्युटी नसली की ते उंबऱ्याबाहेर बसायचे, शेजारी पार्सल. पार्सलचा पंजा आत सरकला, की हळूच "डेंजर" म्हणायचे. पंजा मागे घेतला, की भाकरीचा तुकडा. आठ दिवसांत पार्सल शिकलं. माणसांना जड गेलं. आमचे हे अंगावर कोळशाची धूळ घेऊन लेकीला बघायला धावत यायचे आणि दारातच अडायचे. "स्टेशनावर गोळे तुम्हीच लोक देता ना?" सासूबाई विचारायच्या. खिळा त्यांनी आपल्या ठेंगण्या उंचीला बेताचा, कमरेएवढाच ठोकून घेतला होता. चाळीतल्या बायका बाळंतविडा घेऊन आल्या, तरी एकेकीनेच आत जायचं आणि बाहेर आल्यावर गोळा खिळ्याला नीट अडकवायचा. सासूबाई पाटावर बसून नजर ठेवायच्या. दोन आठवड्यांत त्या आमच्या ह्यांच्यापेक्षा कडक मास्तर झाल्या.

स्वतः गेनबा मात्र कधी आत गेले नाहीत. मी म्हणायची, "अहो, पोरीला घ्या तरी जरा."

"माजं काम गोळा देन्याचं, मास्तरीनबाई. घेनारा डायवर येगळा." आणि उंबऱ्यावर पार्सलच्या शेजारी बसून राहायचे. आतून सुमन हसली, की दोघांचीही मान एकदमच वर व्हायची.

संक्रांत आली आणि सकाळच्या पॅसेंजरने दादामामाही आले. ऊस, गाजरं, वालाच्या शेंगा, आणि खांद्यावर नवा कोरा दोर. चहा झाला. "हं, कुठंय तुमचं जनावर?" म्हणून उठले. मी चुलीकडे तोंड करून बसले. हे पुढच्या दारी गेले, मागच्या दारी गेले, हाका मारल्या. पार्सल कुठेच नाही.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "खिळ्यावर गोळा नाही."

सगळे थांबलो. मी इथे, हे इथे, दादामामा इथे, सासूबाई स्वतः इथे. आणि आतून सुमनच्या खिदळण्याचा आवाज. धावत दाराशी गेलो.

पोरगी खाली गोधडीवर होती. गोधडीच्या काठाशी पार्सल पोटावर पडलेलं, आणि दातांत ते वेताचं कडं, कवठासकट. सुमनने त्याचा पडलेला कान मुठीत धरून ओढायला घेतला होता. दुखत असणार. पण ते हललं नाही, कडंही सोडलं नाही. नुसतं आमच्याकडे बघत होतं, आम्ही काही चूक काढतो का म्हणून.

दादामामा दोर सरसावून पुढे झाले. सासूबाईंनी दारात हात आडवा घातला.

"थांब."

"अगं अक्का, कुत्रं आत आहे."

"दिसतंय मला. गोळा त्याच्याकडे आहे. तुझ्याकडे आहे का?"

दादामामांनी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे रेल्वेचे नोकर, काय बोलणार? तेवढ्यात बाहेरच्या दारातून आवाज आला, "लाइन क्लिअर?"

"नाही," सासूबाई आतूनच म्हणाल्या. "सेक्शनमध्ये गाडी आहे."

आणि आपण काय बोललो हे कानावर पडल्यावर त्या मटकन पाटावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सासूबाईंना इतकं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. दादामामा रिकाम्या हाताने राहुरीला गेले. दोर मी ठेवून घेतला, दुपटी वाळत घालायला फार कामाचा झाला.

दुपारी तिळगूळ घेऊन मी गेनबांकडे निघाले. आभार कसे मानायचे ते मनात जुळवत होते. ते नुकतेच ड्युटीवरून आलेले, पाठमोरे उभे. कुलूप काढलं आणि नेहमीसारखं विचारलं, "लाइन क्लिअर?" मी दोन पावलांवर होते. त्या दिवशी मला हसू आलं नाही. ते किती वेळ थांबतात, ते मी प्रथमच जवळून बघितलं. चांगले बराच वेळ थांबले.

"कुणाला विचारता, गेनबा?"

ते वळले, ओशाळले. तिळगूळ घेतला, कपाळाला लावला. मग म्हणाले, "आमची मंडळी हुती, तवा गाडीच्या आवाजात तिला मानूस आल्यालं कळायचं न्हाई. दचकायची. म्हून इचारायचो. ती आतून म्हनायची, 'हाय, या.' पयल्या बाळंतपनाला म्हायेरी गेल्ती. तिकडून दोघंबी आली न्हाईत. सतरा वर्सं झाली."

"मग अजून विचारता?"

"न इचारता गेलो, तर ती न्हाई असं हुतं. इचारलं म्हंजी उत्तर यायचं बाकी हाय, एवढंच."

मी घरी आले आणि लाज वाटून रडले. वर्षभर मी या माणसाला हसले होते, आणि त्याने माझ्या लेकीचा पाळणा आणि माझं कुत्रं दोन्ही राखलं होतं.

वैशाखात यांच्या बदलीचा हुकूम आला, पार दौंडच्या पलीकडे. सासूबाईंनीच आठवण करून दिली, पार्सलच्या प्रवासाचं बघा म्हणून. गेनबांनी जुन्या टोपलीपेक्षा मोठी टोपली कुठून तरी मिळवली, तिच्या कडा नीट बांधल्या आणि आत गोणपाट घातलं. दोनदा उलटी करून बघितली, टोचत नाही ना म्हणून. मी ते खिडकीतून बघत होते. तिथेच त्या खिडकीशी मी ठरवलं. यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तुला करमेल का?"

"नाही करमणार," मी म्हटलं.

निघायच्या आदल्या सकाळी गेनबा दारात आले. विचारून आत आले. मी खिळ्यावरचा गोळा काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"माजं काम..."

"तुमचं काम मला माहीत आहे. आज मास्तरीण देते आहे. दिलेला गोळा नाकारता येत नाही, कायदा आहे."

ते मोरीवर गेले. कोपरापर्यंत दोनदा हात धुतले. कडं ड्रायव्हरसारखं खांद्याला अडकवलं आणि उंबरा ओलांडला. सुमनला मी त्यांच्या हातांत दिली. तिने आधी त्यांची मिशी धरली, मग शिट्टीची दोरी. गेनबा खोलीत मधोमध नुसते उभे राहिले. बाहेर पाटावर बसलेल्या सासूबाईंनी त्यांना वेळ झाली असं म्हटलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी आधी गोळा माझ्या हातात दिला, मग डोळे पुसले.

दुपारी लोणच्याची बरणी ठेवते म्हणून मी त्यांची किल्ली मागून घेतली. त्यांच्या क्वार्टरमध्ये बरणी ठेवली. गोणपाट अंथरलं आणि पार्सलला आत बसवलं. त्याच्या दोन्ही कानांमागे खूप वेळ हात फिरवला. त्याला काय काय सांगितलं, ते इथे लिहीत नाही. मग कुलूप लावून आले आणि किल्ली यांच्या हाती स्टेशनवर पाठवली.

पाचच्या सुमाराला गेनबा आले. मी बांधाबांध टाकून खिडकीशी गेले. त्यांनी निशाण काखेत धरलं, कुलूप काढलं.

"लाइन क्लिअर?"

आतून एकदाच भुंकल्याचा आवाज आला.

गेनबा लगेच आत गेले नाहीत. कुलूप हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि पुन्हा एकदा विचारलं.