धावपट्टीवरच्या गाई

कॉकपिटचं मोठं छापील चित्र येसिद बर्रागानने फ्रिजच्या दारावर चिकटवायचं ठरवलं. कारण साधं होतं. घरात तेवढी एकच सपाट जागा मोकळी होती.

गेली अकरा वर्षं तो व्हियाविसेन्सिओ शहराहून एका इंजिनाचं खटारा विमान घेऊन गवताळ मैदानातल्या वस्त्यांवर जात होता. कधी डिझेल, कधी शाळेच्या बाई, कधी कोंबड्या, एकदा तर पियानो (अर्धाच पोचला). पावसात अडकला की आठवडा आठवडा घराचं तोंड दिसायचं नाही. आता राजधानीतल्या एका मोठ्या विमान कंपनीनं त्याला मुलाखतीला आणि सिम्युलेटरच्या परीक्षेला बोलावलं होतं. चाळिशी उलटलेला नवा पायलट ती कंपनी घेत नसे, आणि येसिदची चाळिशी तीन आठवड्यांवर आली होती.

"मला कंपनीचं काही कौतुक नाही," त्याची बायको नेल्सी म्हणाली. "मला नवरा घरी हवाय. पास हो म्हणजे झालं."

मोठ्या विमानात पायलट दोन. एकानं प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलायची, दुसऱ्यानं बघून दुजोरा द्यायचा. येसिदला आकाशात तोंड उघडायची सवयच नव्हती (कोंबड्या दुजोरा देत नाहीत). म्हणून फ्रिजसमोर दोन खुर्च्या मांडून नवराबायकोचा सराव सुरू झाला.

"चाकं खाली!"

"चाकं खाली, बघितली."

"उंची पाचशे!"

"मला अंडी हवीत," म्हणत येसिदच्या सासूबाई, एर्मेन्सिया, मध्ये घुसल्या आणि त्यांनी अख्खं कॉकपिट उघडलं.

"सासूबाई, विमान उतरतंय!"

"उतरू दे की. मी कुठं धरून ठेवलंय? आणि आतून पुसून घ्या हे तुमचं विमान, वास मारतंय."

आठवड्याभरात ते खूळ जेवणाच्या टेबलावर आलं. "मीठ घेतलं!" येसिद ओरडायचा. "मीठ घेतलं, बघितलं," नेल्सी म्हणायची. सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

मुलाखत झकास झाली. सिम्युलेटरमध्येही येसिद पोपटासारखा बोलत होता. परीक्षक कॅप्टन उर्दानेता बाई मागे बसून कागदावर खुणा करत होत्या. समोर पडद्यावर धावपट्टी स्वच्छ दिसत होती, चाकं खाली होती, आता फक्त टेकायचं बाकी होतं. आणि येसिदनं विमान धावपट्टीवरून माणूसभर उंचीनं घोंघावत नेलं, पुन्हा वर उचललं आणि वळवलं.

बाईंचं पेन थांबलं. "काय झालं? काही बिघाड?"

"नाही कॅप्टन. गाई हाकलल्या."

"गाई?"

"आमच्याकडे आधी एक फेरी मारून गाई हाकलायच्या, मग उतरायचं." बोलता बोलताच त्याला आपण कुठं बसलोय ते उमगलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "एका फेरीत हलतात?"

"सकाळी हलतात. दुपारी दोन लागतात, सुस्तावलेल्या असतात."

"आणि वासरू असलं तर?"

"मग वासराकडे बघायचंच नाही. आईला उठवायचं, ते आपोआप येतं."

"असं होय!" बाईंनी ते खरोखरच लिहून घेतलं. "पण या धावपट्टीवर गाई नाहीत."

"बघितल्याशिवाय कसं कळणार, कॅप्टन?"

बाई हसल्या नाहीत. "विमान छान हाताळता. पुन्हा धावपट्टीकडे या, आणि या वेळी सरळ उतरवा." येसिदनं ते इतकं अलगद टेकवलं की चाकं लागलेली त्यालाच कळली नाहीत.

चार दिवसांनी पत्र आलं. निवड झाली होती! प्रशिक्षण तीन महिन्यांनी, तोवर घरीच थांबावं. नेल्सी आनंदानं रडली. नवरा अखेर सकाळ, दुपार, संध्याकाळ घरात होता.

नवव्या दिवशी तिनं त्याच्या जुन्या मालकाला गुपचूप फोन लावला. "येसिदसाठी एखादी फेरी आहे का हो?" तिनं हळूच विचारलं. "पाऊस लागलेल्या भागातली असली तर फारच बरं."