चाळणीखालचं बी

आमच्या सुनेला निवडणं म्हणून येत नाही. तांदळात खडे, भाजीत किडकी पानं, डाळीत डाळीपेक्षा टरफलंच जास्त. बोललं की म्हणते, "असू दे हो आई, पोटात सगळं एकच होतं." शिकलीय ढीगभर. रानातल्या झाडांचं बी जपून ठेवायच्या कचेरीत नोकरीला आहे. आता बी कधी कुणी जपावं लागतं का? झाड आपलं आपण टाकतंच की! पण पगार मिळतो म्हटल्यावर मी गप्प.

परवा तिनं कापडी पिशवीभर बी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि "उद्या पेरायचंय" म्हणून पुन्हा कामावर गेली. मी पिशवी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. टपोरं, चपटं, वाकडं, सुरकुतलेलं, सगळं एकत्र! असलं बी चारचौघांत नेलं तर आमच्या घराची काय अब्रू राहणार? नोकरी तिची, पण नाक माझं. चष्मा चढवला, चाळण घेतली, दुपारची झोप मोडली. टपोरं बरणीत भरलं. खाली पडलं ते शेजारणीच्या कोंबड्यांपुढं टाकलं.

संध्याकाळी सून आली ती बरणी बघून मटकन खालीच बसली.

"आई, बारीक बी कुठंय?"

"कोंबड्यांपुढं. आभार मानलेस तरी चालेल."

"अहो, टपोरं ते ओढ्याकाठच्या झाडांचं. त्यांना काय, बसल्या जागी पाणी. बारीक होतं ते कड्यावरच्या एकट्या झाडाचं. उपाशी, तहानलेलं, तरी तगलेलं. ते झाड वादळात पडलं, आई. आता त्याचं दुसरं काहीच उरलेलं नाही."

"अगं, पण टपोरं आहे की बरणीभर!"

"ज्या वर्षी पाऊस दडी मारेल, त्या वर्षी टपोरं काय कामाचं? कोण कुठल्या संकटात टिकेल, हे आधी कुणाला कळतं? म्हणून तर सगळ्या झाडांचं घेऊन मुद्दाम मिसळलं होतं."

रडली असती तर दोन शब्द सुनावले असते. पण ती नुसती बरणीकडं बघत राहिली, आणि ते काही मला बघवेना. चाळण उचलली आणि निघाले, सून मागोमाग.

शेजारणीनं फाटकातच अडवलं. "कोंबड्यांना टाकलेलं परत मागायला आलेली बाई पहिल्यांदाच बघते!"

"बघून झालं असेल तर सरक."

मग काय विचारता! सून रांगतेय, कोंबड्या कोकलतायत, एकीला हुसकलं की दुसरी माझ्याच पायाशी. बी टणक होतं म्हणून बरं. बहुतेकींनी चोच मारून सोडून दिलेलं. एवढ्यात मुलगा कामावरून आला आणि काही न विचारता तोही वाकला. माझा धाकटा. अजूनही वाऱ्यानं उडेल असा.

शेजारीण टक लावून बघत होतीच. "ताई, हा जन्मला तेव्हा उंदराच्या पिल्लाएवढा होता, आठवतं? मी म्हटलं होतं, हे काही टिकत नाही."

"तुझ्या जिभेला काही हाड? थोरले दोघे चांगले टपोरे होते, कुठं आहेत आज? फोन उचलायला हात दुखतात त्यांचे! मला पाठीवर घेऊन दवाखान्याचे जिने कोण चढलं? हाच ना? म्हणे टिकत..."

आणि माझी नजर माझ्याच हाताकडं गेली. चिमटीत एक सुरकुतलेलं बी होतं. ते चाळणीत टाकलं, आणि गुडघे नको नको म्हणत असताना त्या घाणीत बसकण मारली.

लाल कोंबडीनं मात्र बी गिळलं होतं, शेजारणीनं डोळ्यांनी बघितलेलं. तेव्हा ती कोंबडी आमच्याकडं मुक्कामाला आली, खाली वर्तमानपत्र अंथरून. सकाळी सून तेच वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन चिमट्यानं उकरत बसली. मुलगा नाक दाबून वाटी धरून होता. कचरासुद्धा बाई टाकेना. न जाणो, म्हणून तोही वेगळ्या वाटीत.

"सापडलं! आई, अख्खं आहे!"

दोघांची डोकी त्या वाटीवर टेकलेली.

"तुला निवडता येत नाही गं," मी म्हटलं, "पण नाही येत तेच बरं. येत असतं, तर माझ्या या काडीपैलवानाला हो म्हटलं असतंस होय?"