माझंबी तेच

नीटचा पेपर सुटला आणि बीडच्या परीक्षा केंद्राबाहेर, लिंबाच्या सावलीत, आदिनाथने आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. पेपरातल्या चुका वेगळ्या. त्या शंभरच्या पुढे होत्या. ही त्यानंतरची.

हा त्याचा दुसरा प्रयत्न. लातूरला क्लासमध्ये दोन वर्षं काढून त्याला एवढं नक्की कळलं होतं, की आपली मजल दोनशे ऐंशीच्या पुढे जात नाही. यंदा घरी गेल्या गेल्या वडिलांना, आबांना, सांगून टाकायचं, की पुन्हा लातूर नको, मला डॉक्टर व्हायचं नाही, आणि चुकून झालोच तर नुकसान माजलगाव तालुक्याचं आहे. फिजिक्सच्या वेळात त्याने हे भाषण मनातल्या मनात तीनदा म्हणून पाहिलं. फिजिक्समध्ये त्याला तसंही दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बाहेर त्याच्याच गावची, दिंद्रुडची सायली आणि त्याचा लातूरचा रूम पार्टनर प्रविण प्रश्नपत्रिका उघडून बसले होते. सायली धोंडीरामची मुलगी. हुशार म्हणून सगळ्यांना ठाऊक.

"आद्या, त्या स्प्रिंगच्या गणिताचं काय आलं बे?" प्रविणने विचारलं.

ते गणित आदिनाथने वाचलंसुद्धा नव्हतं. पण समोर सायली होती.

"तुझं काय आलं, सायली?"

"चौपट."

"माझंबी तेच."

पुढचं उत्तरही तेच निघालं आणि त्याच्या पुढचंही. खोटं बोलायचा त्याचा काही बेत नव्हता. पण चारचौघांत 'मी सोडून दिलं' म्हणायला जो धीर लागतो, तो लातूरला शिकवत नाहीत. एसटीत बसल्यावरही जुळवाजुळव चालूच राहिली. माजलगाव यायच्या आत प्रविणने बेरीज करून आरोळी ठोकली.

"आद्या, तुझे साडेसहाशे व्हायलेत बे!"

"एखाद-दुसरं चुकलं असंल," आदिनाथ विनयाने म्हणाला.

प्रविणने लगेच ते मोबाईलच्या स्टेटसला टाकलं. दिंद्रुडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा खाली आबा, म्हणजे अर्जुनराव, पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. आबांना राजकारणाचा नाद; गावात कुणाचा सत्कार असला की हार त्यांच्या हातात असायचा. आज हाराला घरचाच धनी सापडला होता. आदिनाथ तोंड उघडून "आबा, मला तुमाला..." म्हणाला, तोच त्या तोंडात पेढा बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची भिवराबाई गुडघा दाखवायला आली. आदिनाथने घाबरून कोमट तेल चोळायला सांगितलं. तिच्या दुर्दैवाने नव्हे, त्याच्या दुर्दैवाने, गुडघ्याची सूज उतरली. मग तिची सून आली, सुनेचा भाऊ आला. बुधवारी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर आदिनाथच्या गळ्यात कुणीतरी संगणकावर स्टेथोस्कोप घातला होता, आणि खाली 'भावी डॉक्टर' असं, त्याच्या तोंडापेक्षा मोठ्या अक्षरांत. रविवारी मारुतीच्या देवळासमोर सत्कार ठरला. आदिनाथला घास उतरेना.

शनिवारी गिरणीत सायली भेटली.

"तुझी प्रश्नपत्रिका दे की. जुळवून बगते."

"ती आबांनी देवघरात ठिवलीय."

सायली पिठाचा डबा उचलता उचलता थांबली. "बेडकाच्या प्रश्नाचं उत्तर मी आधी चुकीचं सांगितलं, मग बदललं. तू दोन्ही टायमाला 'माझंबी तेच' म्हनलास."

आदिनाथचं तोंड जात्यावरच्या पिठासारखं पांढरं पडलं. "कुनाला सांगितलंस का?"

"मी कावून सांगू? तुझं तू सांग."

सांगायला जागा मिळाली ती थेट व्यासपीठावर. रामकिसन गुरुजी माईकवर 'विद्यार्थीदशेचं महत्त्व' उलगडत होते. शेजारी आबा बसले होते. आदिनाथच्या गळ्यात दोन हार, मानेवर हारातल्या मुंग्या. तो आबांच्या कानाशी झुकला.

"आबा, मला साडेसहाशे पडनार न्हाईत."

"ठावं हाय," आबा ओठ न हलवता म्हणाले. "हसत बस. फोटो काढायलेत."

"लई तर दोनशे ऐंशी पडतील."

"मी अडीचशे धरले होते. गुरुवारी परभनीला गेलतो. कृषी कॉलेजात इचारून आलो तुझ्यासाठी."

"तुमाला कवा कळलं?"

"पेढे घेतानाच. बाप हाय मी तुझा."

"मग हे सगळं कावून?"

"सोसायटीच्या निवडणुकीला उभा हाय मी. मतदान आठ जूनला, तुझा निकाल चौदाला. मधी सहा दिवस हायत. लई झाले."

आदिनाथचा जीव भांड्यात पडला आणि तिथेच तापायला लागला. अख्ख्या गावाने त्याच्यावर विश्वास ठेवला होता. ज्याच्या भीतीने त्याने आठवडाभर उपास काढले, त्या बापाने तो एका पेढ्यापुरताही ठेवला नव्हता. परभणी मिळाल्याचा आनंद राहिला बाजूला; त्याला भयंकर अपमान वाटला. एवढ्यात गुरुजींनी चार शब्द बोलायला त्याचं नाव पुकारलं. आबा बाही धरायच्या आत तो माईकपाशी पोहोचला.

"मला दोनशे ऐंशीच्या वर मार्क पडनार न्हाईत," तो ओरडलाच. "मला काईच येत नव्हतं. सायली सांगंल त्याला मी हो म्हनत गेलो. हुशार ती हाय. हार तिला घाला!"

आबांनी डोळे मिटून घेतले. मग गुरुजींनी चष्मा काढून पुसला, आणि त्यांचा आवाज जड झाला.

"एवढं यश मिळवून केवढा हा विनय!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की देवळावरची कबुतरं उडाली. आबांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि उठून सगळ्या बाजूंना हात जोडले. भिवराबाईने जागेवरूनच कडाकडा बोटं मोडून पोराची दृष्ट काढली.

बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत सायली बसली होती. पुरुषांतून धोंडीराम ताडकन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत तिच्यावर गरजला.

"बग, शिक जरा! साडेसहाशे पडूनबी पोरगं दोनशे ऐंशी सांगायलंय. अन् तू पेपर देऊन आल्यापासून घरात साडेसहाशे, साडेसहाशे करायलीस!"

सायलीने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आदिनाथकडे पाहिलं, आणि सगळ्यांबरोबर तीही टाळ्या वाजवायला लागली.