करमाफीचा कोल्हा

आता मी जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. आजवर एकालाही वाटलेलं नाही! सख्ख्या भावाला सांगायला गेलो, तर तो अर्ध्यातच चपला घालून चालता झाला. पण तुम्ही दोघं गादी घ्यायला आलायत, ती कशी आहे ते बघायला तिच्यावर आडवे झालायत आणि तुमच्या चपला माझ्या स्टुलाखाली आहेत. आता कुठे जाताय?

"आजोबा, आम्हाला जरा घाई होती..."

घाईत घ्यायला गादी म्हणजे काय काडेपेटी आहे? पडून राहा, नवरदेव! नवऱ्या मुलीकडे बघा, कशी शहाण्यासारखी ऐकतेय.

तर दोन वर्षांपूर्वी हे दुकान बंद पडायला आलं होतं. बारा फूट लांब, अकरा फूट रुंद, माणसानं जांभई दिली तर कोपर भिंतीला लागतं! पण नगर परिषदेचा कर असा, की जणू मी इथे राजवाडा थाटलाय. ही बघा, मागे रजईला टाके घालत बसलीय ती आमची ही. हिनं मला स्वच्छ बजावलं होतं, "यंदा कर माफ झाला तर ठीक. नाहीतर शटर ओढायचं आणि धाकटीकडे राहायला जायचं." धाकटी म्हणजे आमची मुलगी. मुलगी सोन्यासारखी आहे, पण जावयाला घरात शांतता लागते. शांतता! मला! तिसऱ्या दिवशी पोटातल्या गोष्टींनीच माझा फुगा फुटला असता!

आणि तेवढ्यात नगर परिषदेनं एकाच बैठकीत दोन ठराव केले. पहिला, गावात शिरलेल्या रानटी जनावराला कुणी काठी दाखवायची नाही. त्याच्या दहा फुटांच्या आत जायचं नाही, जवळपास आवाज करायचा नाही. दुसरा, अशा जनावरानं ज्याचं दुकान अडवलं असेल, त्याला वर्षभराचा कर माफ! अट एकच. तपासणीच्या दिवशी जनावर दुकानात हजर पाहिजे.

आणि काय सांगू तुम्हाला, चौथ्याच दिवशी मागच्या दारानं कोल्हा आत! घोड्याएवढा!

"मांजराएवढा," ही टाका न चुकवता म्हणाली.

बसला की मांजराएवढा, उभा राहिला की घोडा! तो सरळ रजयांच्या ढिगात शिरला आणि झोपला. मी बाहेर स्टूल टाकून पायावर पाय ठेवून बसलो. म्हटलं, झालं काम! नगर परिषद आपल्या खिशात!

पण त्या कोल्ह्याच्या अंगात पारा भरला होता. दुसऱ्या दिवशी उठला तो थेट शेजारी, सलूनच्या खुर्चीत! सलूनवाला दारात नाचायला लागला.

"काका, करमाफी माझी!"

"माझा कोल्हा आहे तो!"

"तुमचं नाव लिहिलंय का त्याच्यावर?"

दुपारी तो घड्याळवाल्याकडे, संध्याकाळी शिंप्याकडे. मग सगळ्या गल्लीला वेड लागलं! बेकरीवाल्यानं दारात लोण्याचा गोळा ठेवला. छत्रीवाल्यानं छत्री उलटी टांगून पाळणा केला. फोटोवाल्यानं पडद्यावर जंगल रंगवून घेतलं. मी तर अंगाई म्हटली.

"म्हणून तर तो गेला," ही म्हणाली.

एकाचंही बूड जागेवर ठरेना. जो तो एक पाय आत, एक पाय बाहेर! गिऱ्हाईक आलं की सगळे मिळून "शूऽऽ!" सलूनवाल्यानं एकाची दाढी अर्धी टाकली आणि कोल्ह्यामागे गेला तो गेलाच. ते बिचारं गिऱ्हाईक इतके दिवस तसंच फिरलं, की उरलेली अर्धी दाढी पांढरी झाली!

अशात तपासणीचा दिवस उजाडला. मला बसवेना, उभं राहवेना, पाणी प्यायलो तर तेही घशात येरझाऱ्या घालत होतं. कोल्हा एक आणि दुकानं सात! पण जनावर बघा कसं न्यायी. त्यानं आपले सहा भाऊ बोलावून आणले! दुकानागणिक एक कोल्हा, एकालाही कमी नाही!

बरोबर अकराला तपासनीस साहेब आले. आवाज नको म्हणून बूट काखेत, पायात नुसते मोजे! दहा फुटांवरून मान वाकडी करून बघायचे आणि वहीत टिपायचे. सलूनमध्ये पांढऱ्या कापडाखाली घोरणं चाललेलं. साहेबांनी लिहिलं, 'कोल्हा, एक. झोप उत्तम.' घड्याळवाल्याकडे, 'कोल्हा, एक. खोकला आहे.' बेकरीत, 'कोल्हा, एक. अंगानं जरा जास्त.' आणि माझ्या दुकानात? रजयांचा डोंगर खाली-वर होतोय, बाहेर झुपकेदार शेपूट! साहेब स्वतःशीच पुटपुटले, "वा, काय रुबाबदार कोल्हा आहे!"

"आजोबा," नवरी मुलगी कोपरावर उठून बसली, "ते स्वतःशीच पुटपुटले, मग तुम्हाला कसं ऐकू आलं?"

कान तिखट आहेत माझे! आणि त्याचं काय एवढं? साहेबांनी सातही अर्जांवर सह्या केल्या, सातही दुकानांचा कर माफ झाला, म्हणून आज तुम्ही या गादीवर...

हिनं सुई रजईत खोचली. "खरं काय झालं ते मी सांगू का गं?"

"काही गरज नाहीये!" मी म्हटलं.

"कोल्हा आदल्या दिवशीच गाव सोडून गेला होता. मला मात्र यांनी काही सांगितलेलं नव्हतं. मी आपली नेहमीसारखी वरच्या खिडकीतून हाक मारली, 'अहोऽऽ, चहा झालाय!' आणि गल्लीतले सातही कोल्हे एकदम ओरडले, 'आलो गं!'"

नवरदेव गादीवरून उठूनच उभे राहिले. "मग साहेबांनी पकडलं नाही?"

"कसे पकडणार? आठवा 'आलो गं' त्यांचाच होता!"