उलट्या पावलांचे गोतमारे

ही गोष्ट मी चाळीस-एक वर्षं टाळली. बायकोला अर्धी सांगितली, मुलांना विनोद म्हणून सांगितली, आणि उरलेली कुणालाच नाही. आता मी ब्याऐंशीचा आहे. बायको गेली, विनोद ऐकणारी मुलं पुण्याला आहेत. तेव्हा लिहूनच टाकतो.

आमचे शेजारी गोतमारे उलटे चालत.

नागपुरात आमच्या घरांच्या ओळीसमोर मोठं उघडं मैदान होतं. पलीकडच्या टोकाला एक बाभूळ. उजाडता उजाडता गोतमारे अनवाणी, बंडी आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून दारातून निघत, तोंड घराकडे ठेवत, आणि मागे मागे सरकत बाभळीपर्यंत जात. तिथून घराकडे सरळ चालत येत. मग पुन्हा उलटे. अशा पंचवीस फेऱ्या.

"पुढं चालून चालून माणूस एकाच अंगानं झिजते, पाठकजी," ते मला समजावत. "मांगं चाललं का भरपाई होते."

त्यांच्याकडे सगळ्याला असं कारण तयार असे. मे महिन्यात ऊन लागू नये म्हणून आम्ही खिशात कांदा ठेवायचो, तर ते म्हणायचे, "कांदा ठेवणारा मनानं कच्चा असते." डिसेंबरात विहिरीच्या पाण्यानं आंघोळ. ताप आला तर बैठका दुप्पट. "मनानं घेतलं का शरीर जाते कुठं?" हे त्यांचं पालुपद. माझ्या बायकोनं एकदा तर्रीपोह्यांची बशी पुढे केली, तेव्हा त्यांनी वर तरंगणाऱ्या लाल तेलाकडे बराच वेळ पाहिलं आणि हात जोडले. "वहिनी, हे पोहे नाहीत. हे वरचं बोलावणं हाये." मी त्यांची बशीही संपवली.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. "लग्नानं नाडी वाढते," म्हणायचे. घरात ते आणि धाकटी बहीण कमलताई, दोघंच. कमलताई चाळिशीच्या असतील. बाहेर फारशा येत नसत. पहाटे मात्र मैदानाकडच्या खिडकीत बसून त्या पूजेची घंटी वाजवत. थोड्या थोड्या वेळानं एकदा, टिण्. आम्ही समजायचो, भाविक बाई आहे.

जानेवारीत कधी कधी मैदानावर दाट धुकं पडे. आमचा दूधवाला बाबूलाल बाभळीकडच्या वाटेनं सायकलवर यायचा. नवीन लागला तेव्हा पहिल्याच धुक्यात त्यानं काय पाहिलं असेल, ते मी नंतर स्वतः तिथे उभं राहून पाहिलं. पांढऱ्यात एक काळसर ठिपका. त्याचा माणूस होतो. माणूस आपल्याकडे येत असतो, जवळ येतो, आणखी जवळ येतो, पण त्याला तोंडच नसतं. नुसती पाठ येत असते. टाचा पुढे, बोटं मागे. आणि कुठून तरी घंटी.

बाबूलालनं दोन्ही कॅन तिथेच टाकले आणि आमच्या ओट्यावर येऊन पडला. "उसके पैर उलटे हैं! पाठकजी, पैर उलटे हैं!"

भूत पायांवरून ओळखतात, हे आमच्याकडे लहानपणीच शिकवतात. त्यामुळे कुणी हसलं नाही. हसलो ते गोतमारे धुक्यातून बाहेर आल्यावर. ते म्हणाले, "काहून भेतं गा? मी भूत असतो तं तुह्यं पाणी घातलेलं दूध पेलो असतो का?"

नोकरी त्यांची मीटर वाचायची. घरोघरी पायी फिरून विजेचे आकडे टिपायचे. या कामात काही जण चहाच्या टपरीवर बसून, मीटर न पाहताच, मागच्या महिन्यावरून अंदाजे आकडा टाकून देत. गोतमाऱ्यांना अशांची किळस यायची. एकदा बाबूलालनं विचारलं, "एकाध महीना नहीं देखा तो क्या होता है, भाऊ?" तर त्यांनी त्याला पंधरा मिनिटं उभं करून ऐकवलं. "मीटर खोटं बोलत नाही गा. न पाहता टाकणारा बोलते. आकडा पाहिजे, अंदाज नको!"

आता माझ्याकडे येतो.

आमच्या ओळीत सेकंदकाटा असलेलं घड्याळ एकट्या माझ्याकडे होतं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. पंचविसावी फेरी संपली, की गोतमारे आमच्या ओट्यावर बसत, पाच मिनिटं डोळे मिटत आणि डावं मनगट माझ्यापुढे धरत. मी एक मिनिट नाडी मोजायची आणि आकडा सांगायचा.

"तुम्हीच मोजा ना," मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो.

"आपलं मीटर आपण वाचू नये. माणूस आपल्यासाठी लबाडी करते." मग म्हणाले, "आकडा हलला तर लपवू नका, पाठकजी. मले एक काम कराचं हाये. त्याले थोडे दिवस लागतीन."

काय काम, ते मी विचारलं नाही. कुठल्या तरी शर्यतीत नाव द्यायचं असेल, असं वाटलं.

पहिली थंडी मी इमानदारीत मोजली. रोज बहात्तर. फार तर एखादा ठोका इकडेतिकडे. दुसऱ्या वर्षी मी मनगट धरून पेपर वाचायला लागलो. मिनिटभरानं "बहात्तर" म्हणायचो. ते खूश, मी खूश. बायको आतून म्हणे, "अहो, मोजून तरी राहिले का?" मी म्हणे, "अगं, नाडी आहे ती. शेअरबाजार नाही रोज बदलायला." चहा गरम असे. खरं सांगायचं तर, टपरीवर बसून आकडा टाकणारा माणूस त्या ओट्यावरच बसलेला होता, आणि गोतमारे त्याच्याच हाती मनगट देत होते.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत एका सकाळी पेपर उशिरा आला. हाताला काही काम नव्हतं, म्हणून बोटांकडे लक्ष गेलं. ठोका, ठोका, ठोका. मग काहीच नाही. मी वर पाहिलं. गोतमारे डोळे मिटून शांत बसले होते. कुणी घरातून उठून बाहेर जावं तशी ती नाडी गेली होती. मग दोन ठोके घाईघाईनं आले, एकमेकांना ढकलत. पुन्हा काही नाही. तेवढ्यात शेजारच्या खिडकीत घंटी वाजली आणि मी बोटं आणखी घट्ट दाबली.

"किती?"

मला तेव्हा सांगता आलं असतं. पण आज वेगळा आकडा सांगितला, तर ते विचारणार, काल किती होता? परवा किती? आणि त्या माणसासमोर मला कबूल करावं लागणार, की वर्षभर मी मोजलंच नाही.

"बहात्तर," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"मंग ठीक." ते उठले आणि त्यांनी जाता जाता दहा बैठका काढल्या.

त्यानंतर सोळा दिवस मी त्यांचं मनगट धरलं. प्रत्येक दिवशी ती चुकत होती आणि मी बहात्तर सांगत होतो. माझीच बोटं गारठली असतील, असं मी स्वतःला समजावत होतो. एवढा दणकट माणूस. त्याला काय होणार?

सतराव्या सकाळी समोरचं कुंपणही दिसू नये असं धुकं होतं. चहा झाला, पेपर झाला, गोतमारे आले नाहीत. घंटी मात्र वाजत होती. आधी नेहमीसारखी थांबून थांबून, मग लवकर लवकर, मग सलग. मी बाहेर आलो तेव्हा कमलताई खिडकीच्या गजाला कपाळ लावून बसल्या होत्या आणि त्यांचा हात थांबत नव्हता.

"पाठकभाऊ, दादा येऊन नाही राहिला."

तेवढ्यात मैदानातून बाबूलाल आला. त्यानं मला कुंपणाशी नेलं. दवानं ओली झालेली माती होती. तिच्यात अनवाणी पावलं, पाचही बोटं स्पष्ट उमटलेली. "देखिए, भाऊ तो घर की तरफ लौटे हैं. सारे पैर घर की तरफ हैं."

खरंच, सगळी पावलं घराकडे तोंड करून होती. म्हणून आम्ही घराकडे फिरलो. मागची गल्ली पाहिली. विहिरीत डोकावलो. कोपऱ्यावरच्या हॉटेलात विचारून आलो. तीन वर्षं रोज त्या माणसाला उलटं चालताना पाहणारा मी, त्या पावलांवर विश्वास ठेवून अर्धा तास उलट्या दिशेला शोधत होतो.

धुकं विरळ झालं तेव्हा आधी बाभूळ दिसली. मग तिच्या बुंध्याला टेकून बसलेले गोतमारे. तोंड घराकडे, डोळे उघडे. लांबून वाटलं, दम खात बसलेत. मी हाकही मारली. जवळ गेल्यावर दिसलं, की उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी डाव्या मनगटावर ठेवली होती. शेवटी त्यांनी आपलं मीटर आपणच वाचायला घेतलं होतं.

डॉक्टर आले. म्हणाले, "हृदयाचा जुना दोष दिसतो. हा व्यायामानं जात नसतो, आणि निश्चयानं तर नाहीच. आधी कळलं असतं तर काही करता आलं असतं." ते 'काही' म्हणजे किती, हे मी त्यांना विचारलं नाही.

महिनाभरानं कळमेश्वरचे एक चुलत भाऊ कमलताईंना न्यायला आले. ट्रंक रिक्षात चढत होती तेव्हा त्या आमच्या ओट्यावर आल्या. तेव्हा मला सगळं कळलं. त्यांच्या घरातल्या पुरुषांनी पन्नाशी पाहिली नव्हती. वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले, थोरला भाऊ शेहेचाळिसाव्या. गोतमारे एकोणपन्नासचे होते. आणि कमलताईंना फिट यायची. कधीही, सांगून न येता.

"घंटी वाजली का त्याले समजे, मी ठीक आहो," त्या म्हणाल्या. "धुकं नसलं तं खिडकीत मी दिसो. मी दिसली पाहिजे म्हणून तो तसा चाले. लोकाले सांगे, व्यायाम आहे."

मी मैदानाकडे पाहिलं. त्या माणसानं घराकडे पाठ कधी केलीच नव्हती. जाताना नाही, येताना नाही. म्हणून तर त्याची सगळी पावलं घराकडे होती.

"दादा म्हणे, आकडा हलला का तुले कळमेश्वरले नेऊन देतो, समोर बसून सगळं बोलून घेतो, मंग दवाखान्यात जातो. माह्या मागं तू कोणाच्या दारात अचानक नाही पडली पाहिजे." त्यांनी मला सरळ विचारलं, "तुम्ही रोज मोजत होते ना, पाठकभाऊ. हलला होता का आकडा?"

बायको दारात उभी होती. चुलत भाऊ रिक्षापाशी घड्याळ बघत होते.

"नाही," मी म्हणालो. "बहात्तरच होता. शेवटपर्यंत."

त्यांचा चेहरा सैल झाला. "मंग बरं. दादा त्याच भरवशावर झोपे."

पुढे मी एकदा कळमेश्वरला गेलो. पहिल्या बसनं, उजाडताच. घर सापडलं. दार लोटलेलं होतं. मी कडीला हात लावणार, तेवढ्यात आतून घंटी वाजली. टिण्. मी थांबलो. थोड्या वेळानं पुन्हा, टिण्. घराच्या खिडकीसमोर मैदान नव्हतं, नुसती एक भिंत होती. त्या भिंतीकडे तोंड करून त्या कुणाला तरी कळवत होत्या, की मी ठीक आहे.

मी त्या घराकडे पाठ केली आणि स्टँडवर आलो.

पुढच्याच वर्षी त्या गेल्याचं कळलं. मी आयुष्यात एक बैठक काढली नाही, तर्रीपोहे सोडले नाहीत, आणि माझी नाडी अजून बहात्तर आहे. डॉक्टर खरोखर मोजून सांगतात. जे वाक्य घेऊन मी त्या बसमध्ये बसलो होतो, ते तेव्हापासून माझ्याजवळच आहे. लहानसंच आहे. कमलताई, मी मोजत नव्हतो. आणि मोजलं, तेव्हा सांगितलं नाही. मला माफ करा.