पायगोंडा गुरुजींचा आठ दिवसांचा नियम

“आजोबा, तारीख परत पुढं गेली.”

साताऱ्याहून नातवाचा, आर्जवचा फोन आला होता. पायगोंडा गुरुजींनी तो कानाला घट्ट धरला. समोर आक्काताई बशीत चहा ओतून पीत होत्या. गुरुजींनी बायकोकडे पाठ फिरवली, पण वासाकडे पाठ फिरवता येईना.

“किती पुढं रं?”

“कंपनी नुसतं ‘लवकरच’ म्हणतीया.”

‘लवकरच’ म्हटलं की अलीकडे गुरुजींना साप दिसल्यासारखं होई.

हे दुखणं चातुर्मासात सुरू झालं. गावच्या जैन मंदिरात मुनीमहाराजांचं प्रवचन संपलं की लोक उभे राहून नियम घेत. कुणी मुलीचं लग्न ठरेपर्यंत तूप सोडे, कुणी घर बांधून होईपर्यंत गूळ. त्या दिवशी महाराजांची नजर गुरुजींवर थांबली. गुरुजींचा जीव अडकलेला चहात. दिवसाला सात कप. पण आदल्याच दिवशी आर्जवनं कळवलं होतं, की पुस्तकासारखा उघडणारा, दोन पडद्यांचा टॅबलेट आठ दिवसांत बाजारात येतोय. एका पडद्यावर धडा, दुसऱ्यावर पोरांनी लिहायचं! निवृत्तीनंतरही ओसरीवर शाळा भरवणाऱ्या गुरुजींनी तो आधीच नोंदवून ठेवला होता. ते ताडकन उठले.

“तो टॅबलेट माझ्या घरात येईपर्यंत चहा बंद!”

टाळ्या पडल्या. आठ दिवसांत एवढं पुण्य! पण मागं बेदाण्याचा व्यापारी भरतेश बसला होता. तो गुरुजींचाच विद्यार्थी. गुरुजींचं गणित चुकत नाही, हे त्याला चौथीपासून ठाऊक. तोही उठला.

“गुरुजींचा टॅबलेट येईस्तवर माजी तंबाखू बंद!”

पाठोपाठ तोच तंबाखूचा नियम घेत आणखी दहा जण उठले.

आठ दिवसांचे आठ महिने झाले. तंबाखूवाचून रिकामी झालेली अकरा तोंडं गुरुजी दिसले की उघडत.

“गुरुजी, कवा येतोय वो?” भरतेशनं त्यांना तासगावच्या एस.टी. स्टँडवर गाठलं.

“येईल रं. धीर धर.”

“धीर कुटला? काल बेदाण्यातल्या काड्या चगळत बसलोतो. गिऱ्हाईक पळून गेलं!”

त्या दिवसापासून गुरुजी मागच्या गल्लीनं जाऊ लागले.

आणि मे महिन्यातल्या एका दुपारी पुन्हा फोन आला.

“आजोबा, बसलाय न्हवं? कंपनीनं टॅबलेट रद्द केला. आता कवाच येणार न्हाई.”

गुरुजींनी फोन खाली ठेवला. आपला चहा जन्माचा गेला, ते एक वेळ सोसलं असतं. पण अकरा जणांची तंबाखूही जन्माची गेली होती, आणि ती आपण घालवली होती! बातमी गावच्या व्हॉट्सॲपवर पोचायला कितीसा वेळ?

“आक्का, दार लाव. कोण आलं तर मी मिरजेला दवाखान्यात गेलोय म्हण.”

“आवं, मी खोटं बोलू? महाराजांम्होरं चलाखी करताना भ्या वाटलं न्हाई व्हय?”

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. एक-दोघांची नव्हेत, चांगली दहा-बाराजणांची. गुरुजी कणगीमागं सरकले. दार धाडधाड वाजलं.

“गुरुजी हायत का घरात?”

“हायत की. कणगीमागं,” आक्काताई म्हणाल्या.

गुरुजींनी डोळे मिटून णमोकार मंत्र सुरू केला. खांद्यावर काहीतरी पडलं. ती शाल होती. समोर भरतेशची बायको प्रीती नारळ घेऊन उभी, आणि तिच्यामागं आणखी दहा बायका.

“गुरुजी, वीस वरसं शपथा घालून दमलो आमी. तुमी जलमभराची तंबाखू सोडवलीसा!”

“आणि ते... ते अकरा जण?”

“देवळाच्या कट्ट्यावर डोस्कं धरून बसल्यात. नियम मोडायची छाती हाय का कुणाची!”

आक्काताईंनी मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. बायकांच्या हातात कप गेले. मेच्या उकाड्यात शाल पांघरून गुरुजी गरम पाणी पीत राहिले.

“आणि गुरुजी,” प्रीती म्हणाली, “आता ह्यांच्या मोबाईलवरच्या पत्त्यांच्या डावाचं बगा. असंच एकादं न येणारं यंत्र हुडका. पयला नियम मातर तुमीच घ्यायचा. तुमच्यामागं आमची माणसं डोळं झाकून येत्यात.”

आता गुरुजींच्या आयुष्यात एकच सुख उरलं होतं, दुपारची झोप. त्यांनी भीतभीत बायकोकडे पाहिलं.

“उद्या सकाळीच देवळात आणती त्यास्नी,” म्हणत आक्काताईंनी आणखी अर्धा कप ओतून घेतला.